फुफ्फुसासाठी स्टेम सेल? कर्ज काढण्याआधी हे वाचा

"ताई, स्टेम सेल दिले की फुफ्फुस बरं होतं म्हणतात, खरं का?" वस्तीत फिरताना असा प्रश्न येतो. घरचा माणूस ऑक्सिजनवर असला की आपण मंगळसूत्रही गहाण टाकतो. म्हणून आधी समजून घेऊ.

कोरोना किंवा फ्लूचा विषाणू फुफ्फुसात उतरला की काही रुग्णांत सूज हाताबाहेर जाते. हवेच्या बारीक पिशव्यांत पाणी भरते, रक्ताला ऑक्सिजन मिळत नाही. स्टेम सेल म्हणजे मूळ पेशी. अस्थिमज्जेतून किंवा बाळाच्या नाळेतून घेतलेल्या या पेशी शिरेतून दिल्या की बऱ्याच फुफ्फुसातच अडकतात. त्या नवे फुफ्फुस बनवत नाहीत. सूज शमवणारी द्रव्ये सोडतात. कल्पना चांगली आहे, पण पुरावा काय?

अमेरिकेत व्हेंटिलेटरवरच्या कोरोना रुग्णांवर चाचणी झाली. 300 रुग्ण घ्यायचे होते; फायदा सिद्ध होण्याची चिन्हे दिसेनात, म्हणून डिसेंबर 2020 मध्ये भरती थांबवली. तोवर 222 रुग्ण झाले होते. 30 दिवसांत पेशी दिलेल्यांपैकी शेकडा सुमारे 38 दगावले, न दिलेल्यांपैकी 43. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो.

उलट डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त औषध. ब्रिटनमधल्या हजारो रुग्णांच्या चाचणीत 2020 साली त्याने व्हेंटिलेटरवरच्या कोरोना रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटवले. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना मात्र फायदा झाला नाही. म्हणून तेही मनाने घेऊ नये. महाग ते गुणकारी, असे नसते.

आपल्या देशातील 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मूळ पेशींचा मान्य उपचार म्हणजे रक्ताच्या आजारांसाठीचे अस्थिमज्जा प्रत्यारोपण. बाकी सारे तेव्हा संशोधनात मोडत होते. त्यासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. कोणी लाखांचा आकडा सांगितला, तर तीन प्रश्न विचारा:

1. ही चाचणी आहे का? मग पैसे कशाचे?
2. सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक काय?
3. संमतीपत्र मराठीत आहे का? वाचून दाखवा.

उत्तर टाळले, तर सही करू नका.

आणि धाप लागली, ओठ निळसर झाले किंवा ऑक्सिजन 94 च्या खाली गेला, तर घरी थांबू नका; सरकारी दवाखाना गाठा. वेळेवर मिळालेला ऑक्सिजन जीव वाचवतो.

तथागतांनी कालामांना हेच शिकवले: कोणी मोठ्याने सांगितले म्हणून मानू नका, पारखून घ्या. दवाखान्याच्या दारातही हा धम्म सोबत ठेवूया.