बीडच्या पुराची खबर: दवंडीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेपर्यंत

बीड जिल्ह्यात पूर दोन तऱ्हांनी येतो. उत्तर सीमेवरची गोदावरी चढते ती मुख्यतः जायकवाडी धरणाच्या विसर्गाने. पैठणला दरवाजे उघडल्यावर ते पाणी गेवराई, माजलगाव, परळीच्या काठावर यायला काही तास जातात. बालाघाटच्या डोंगरातून उतरणाऱ्या सिंदफणा आणि बिंदुसरा मात्र एका रात्रीच्या पावसाने फुगतात. जुलै 1989 मध्ये बिंदुसरेचे पाणी बीड शहरात शिरले, ते असेच.

गावात खबर पोहोचवण्याचे जुने साधन म्हणजे कोतवालाची दवंडी, आणि वरून येणारा निरोप म्हणजे पोलिसांची बिनतारी यंत्रणा. शेजारच्या किल्लारीत 30 सप्टेंबर 1993 रोजी भूकंप झाला आणि त्यानंतर राज्यात जिल्हानिहाय आपत्ती आराखडे व नियंत्रण कक्ष उभे राहिले. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरण आले. ऑगस्ट 2006 मध्ये जायकवाडीतून सुमारे अडीच लाख क्युसेक पाणी सुटले, तेव्हा काठच्या गावांची भिस्त फोन, तलाठी आणि पोलीस पाटील यांच्यावरच होती.

मोजणीत बदल झाला तो 2017 नंतर. ‘महावेध’ प्रकल्पात महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे बसली. शेतकऱ्यांना त्यांची ओळख झाली ती पीकविम्याच्या आणि अतिवृष्टीच्या 65 मिलिमीटरच्या निकषाच्या वादातून. पण कुठे किती पाऊस पडला हे तालुक्याहून बारीक पातळीवर कळू लागले, हा त्यांचा मोठा लाभ. वीज पडून शेतकरी आणि गुराखी दगावतात, त्यासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘दामिनी’ अ‍ॅप तयार केले. ते 20 ते 40 किलोमीटरच्या परिघातील विजांचा इशारा देते. जुलै 2023 मध्ये राज्यातील असंख्य मोबाइल एकाच वेळी कर्कश वाजले. ती थेट इशारा पोहोचवण्याच्या यंत्रणेची चाचणी होती.

कृत्रिम बुद्धिमत्ता या साखळीत आली ती अंदाजाच्या टोकाकडून. गूगलने केंद्रीय जल आयोगाच्या सहकार्याने 2018 मध्ये पाटण्यात पूर अंदाज सुरू केला आणि 2020 पर्यंत तो देशभर नेला. हजारो मापनकेंद्रांच्या जुन्या नोंदींवरून पाऊस आणि प्रवाह यांचे नाते शिकणारे त्यांचे प्रारूप मोजणी नसलेल्या नद्यांवरही चालते, असे मार्च 2024 मध्ये ‘नेचर’मधील निबंधात दाखवले गेले. मात्र त्याचा रोख मोठ्या नद्यांच्या संथ पुरांवर आहे. काही तासांत येऊन ओसरणारे पूर त्याच्या पकडीत सहज येत नाहीत. मे 2025 मध्ये आलेली 6 किलोमीटर विभेदनाची हवामान अंदाज प्रणाली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ही पुष्कळांना कृत्रिम बुद्धिमत्तेची वाटते. पण तिचा गाभा भौतिकशास्त्राच्या समीकरणांचा आहे.

झटपट येणाऱ्या पुरांपुढे उपग्रहही अपुरे पडतात. रडार उपग्रह ढगांआडून पाणी टिपतात आणि संगणक जमीन व पाणी वेगळे करून नकाशा देतो. पण उपग्रहाची पुढची फेरी काही दिवसांनी होते, तोवर सिंदफणेचा पूर ओसरलेला असतो. असा नकाशा पंचनाम्याला उपयोगी, सुटकेला नव्हे.

सप्टेंबर 2025 मध्ये दोन्ही तऱ्हांचे पूर एकाच महिन्यात आले. महिन्याच्या मध्यात आष्टी तालुक्यात अडकलेल्या लोकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. अखेरीस जायकवाडीचा विसर्ग तीन लाख क्युसेकच्या घरात गेला, तेव्हा गोदाकाठची माणसे हलवायला वेळ मिळाला. धरणाचा आकडा हाती असला की साध्या फोननेही काम भागते. डोंगरातल्या नदीला तसा आकडा नसतो, आणि नोंदीच नसतील तर तिथल्या पुराचा अंदाज यंत्राने पडताळायचा कशावरून? बीडला सध्या नव्या अ‍ॅपपेक्षा सिंदफणा आणि बिंदुसरेच्या वरच्या अंगाला पाणीपातळी मोजणाऱ्या स्वयंचलित केंद्रांची निकड अधिक आहे.