बळी आणि हिशेब

आपल्या कासारवाडीच्या नाशिक फाट्यावरून जो रस्ता निघतो, त्याच्या टोकाच्या नाशिकचा विदित गुजराथी ५ एप्रिल २०२४ रोजी टोरांटो येथे हिकारू नाकामुराशी खेळत होता. स्पर्धा कँडिडेट्सची, म्हणजे जगज्जेत्यास आव्हान कोणी द्यावयाचे हे ठरविणारी. नाकामुरा दीर्घ वेळेच्या ४७ डावांत हरलेला नव्हता. अकराव्याच खेळीस विदितने उंटाने राजाच्या बाजूचे कडेचे प्यादे मारले आणि उंट मरणाच्या तोंडी दिला. २९ खेळींत डाव त्याने जिंकला.

पाहणाऱ्यास हे धाडस वाटते. वास्तविक ही खेळी घरून तयार करून आणलेली होती.

उंटाची किंमत ढोबळ मानाने तीन प्याद्यांची. मग एका प्याद्यासाठी तो का द्यावा? कारण किल्लेकोट केलेल्या राजापुढली प्यादी ही त्याची तटबंदी. ती फुटली, की पटावरची सगळी मोहरी मोजावयाची नसतात. त्या कोपऱ्यात वेळेवर कोण पोचतो तेवढेच मोजावयाचे. पलीकडे अडकलेला हत्ती तेवढ्यापुरता नसल्यासारखाच.

ऑस्ट्रियाच्या रुडॉल्फ श्पीलमान याने १९३५ मधील आपल्या पुस्तकात बळींचे दोन प्रकार मानले आहेत. एकात दिलेले कसे परत मिळणार हे आधीच मोजता येते. दुसऱ्यात मोजणी अपुरी राहते आणि पारख लागते. ओट्यावर पट मांडणारे आम्ही लोक पहिला न शिकताच दुसऱ्यास हात घालतो!

तेव्हा पहिला प्रकार पाहू. काळा राजा कोपऱ्यात. शेजारचे घर रिकामे, त्यापलीकडे त्याचा हत्ती. राजापुढली दोन प्यादी मूळ जागी, हत्तीपुढचे घर मोकळे. पांढरा घोडा कडेच्या प्याद्यासमोर ठाकलेला, आणि त्याचा वजीर तिरप्या पट्टीवरून ते रिकामे घर रोखून आहे. खेळी पांढऱ्याची. वजीर सरळ त्या रिकाम्या घरात जाऊन शह देतो. घोड्याचा जोर असल्याने राजाला वजीर मारता येत नाही, हत्तीनेच मारावा लागतो. हत्ती आला, की राजा आपल्याच माणसांत कोंडला जातो. आणि घोडा हत्तीपुढच्या त्या मोकळ्या घरात उडी घेऊन मात करतो.

अशी कोडी रोज चारपाच सोडवावीत, पण मोहऱ्यांना हात न लावता. हात लावला, की डोके मोजणे सोडते. स्वतःचे डाव लिहून ठेवावेत, आणि हरलेला डाव दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडावा. कंटाळवाणे काम आहे, आणि यंत्राला विचारून उत्तर काढण्याचा मोह आज फार. यंत्रास विचारावे, पण आपले उत्तर आधी कागदावर उतरवून.

विदितने त्याच स्पर्धेच्या नवव्या फेरीत नाकामुरास पुन्हा हरविले. स्पर्धेत मात्र तो सहावा आला.