जुन्या गाडीची खतावणी

गेल्या वर्षी आमच्या दुकानाची १४ वर्षांची डिझेल गाडी विकावयास काढली, तेव्हा ती पाहावयास आलेल्या दलालाने एक सोयीचा मार्ग सुचविला. मीटरवर १ लाख ६२ हजार किलोमीटर दिसत होते. तो आकडा ७८ हजारांवर आणून देण्याची त्याची तयारी होती. तसे केल्यास पन्नासेक हजार रुपये अधिक येतील, असा त्याचा हिशेब होता. वडिलांनी त्याला चहा दिला आणि एवढेच म्हणाले, "पन्नास वर्षे तराजूच्या पारड्याला बोट लावले नाही. आता मीटरला कशाला लावू?"

अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत हीनाधिक मानोन्मान आणि प्रतिरूपक व्यवहार हे दोन अतिचार आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. घेण्याचे माप वेगळे आणि देण्याचे वेगळे ठेवणे हा पहिला. हलका माल चांगल्याच्या नावाने खपविणे हा दुसरा. अडतीत आणि पेढीवर ही शिकवण जपणारे आपणच गाडी विकताना मात्र "जुन्या गाडीत असे चालतेच" म्हणून मोकळे होतो. वास्तविक मीटर हेही एक मापच आहे आणि त्यातील खोटेपणाचा भुर्दंड घेणाऱ्याला वर्षानुवर्षे भरावा लागतो.

हे कसे घडते, ते एका परिचित उदाहरणावरून पाहू. स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा वेगवेगळ्या कंपन्यांच्या अनेक डिझेल गाड्यांत मूळ फियाटचे १२४८ सीसीचे इंजिन असे. एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज ६ मानके लागू झाली आणि या इंजिनाच्या नव्या गाड्या बंद झाल्या. परंतु जुन्या बाजारात त्या आजही मोठ्या संख्येने दिसतात. इंजिन काटक आहे, मायलेज उत्तम आहे. मात्र त्यात टायमिंग बेल्टऐवजी साखळी आहे आणि तिचे आयुष्य इंजिन ऑइलवर अवलंबून आहे. ऑइल वेळेवर बदलले नाही, तर साखळी सैल पडते आणि सकाळी गाडी सुरू करताना खडखडाट ऐकू येतो. टर्बोच्या वेगाने फिरणाऱ्या दांड्यालाही तेच ऑइल लागते. म्हणून खरे किलोमीटर लपविले, की नवा मालक "गाडी अजून कमी चाललेली आहे" अशा समजुतीत आवश्यक कामे पुढे ढकलतो आणि पुढे मोठ्या खर्चात सापडतो.

हा खर्च किती असतो? आमच्या वहीतील शेवटच्या चार वर्षांच्या मोठ्या नोंदी अशा आहेत : चार टायर १८,४०० रुपये, लोअर आर्म व बुश ६,२००, टर्बोची दुरुस्ती २४,०००, चार इंजेक्टरची दुरुस्ती १५,५००, बॅटरी ५,३००. एकूण ६९,४०० रुपये. ऑइल, फिल्टर आणि विमा यांचा खर्च वेगळा. ही सर्व कामे गावातील ओळखीच्या मिस्त्रीकडे झाली. म्हणून जुनी गाडी घेताना किमतीचा निदान पाचवा हिस्सा दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावा. सारे भांडवल खरेदीतच घालणाऱ्याची अवस्था नाकापेक्षा मोती जड अशी होते.

गाडी पाहावयास सकाळी लवकर जावे आणि इंजिन आधी गरम करून ठेवू नये, असे मालकास सांगावे. थंड इंजिनाचा आवाज खोटे बोलत नाही. निळसर धूर इंजिनात ऑइल जळत असल्याचे दर्शवितो. गाडी तापल्यानंतरही पांढरा धूर दाट राहिला, तर कूलंट आत जात असल्याचा संशय घ्यावा. मीटर ६० हजार सांगत असेल आणि पेडलचे रबर गुळगुळीत, स्टिअरिंग झिजलेले असेल, तर सर्व्हिसची जुनी बिले मागावीत. शेवटी आपल्या विश्वासातील मिस्त्रीला गाडी दाखवून घ्यावी. त्याची मजुरी ही सर्वांत स्वस्त विमा होय.

एका बाबतीत मात्र काटकसर नको. ब्रेक आणि टायर यांत केलेली टाळाटाळ हा नुसता खर्चाचा प्रश्न नाही. प्रमादाने होणारा प्राणघात म्हणजे हिंसा, असे आपले आचार्य सांगतात. झिजलेले ब्रेक पॅड ठाऊक असून गाडी रस्त्यावर आणणे हा प्रमादच आहे.

कागदपत्रांचाही हिशेब आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते. त्यानंतर तपासणी करून ५ वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. विक्रीनंतर मालकीची नोंद बदलून घेण्यात आळस करू नये. नोंदवहीत ज्याचे नाव, त्याच्यावरच अपघाताच्या भरपाईचे दायित्व येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. गाडी कधीच हातची गेली असली, तरी हे दायित्व सुटत नाही.

आमची गाडी अखेर शेजारच्या तालुक्यातील एका शिक्षकांनी घेतली. "क्लच प्लेट संपत आली आहे, सहा महिन्यांत बदलावी लागेल," असे वडिलांनी आधीच सांगितले आणि त्यापोटी १०,००० रुपये कमी करून १ लाख ९० हजारांत व्यवहार पूर्ण केला. चावीसोबत दुरुस्तीची वहीही दिली. घरात थोडी कुरकुर झाली. मीही त्यात होतो.

दिवाळीनंतर त्या शिक्षकांचा फोन आला. क्लच प्लेट बदलून झाली होती. खर्च सांगितल्याएवढाच आला होता. त्यांनी आणखी एक विचारले : वहीची पाने संपत आली आहेत, तशीच लांब वही कोठे मिळते? वडिलांनी दुसऱ्याच दिवशी दुकानातून एक कोरी वही त्यांना पाठवून दिली.