अदोम, मवाब व अम्मोन यांच्या सीमांविषयीची आज्ञा

तोराहमधील 'अनुवाद' या पाचव्या ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात इस्राएल लोकांना अदोम, मवाब व अम्मोन या तीन शेजारी राष्ट्रांच्या प्रदेशांवर चढाई करण्यास मनाई केलेली आढळते. हे प्रदेश परमेश्वरानेच त्या त्या लोकांना वतन म्हणून दिले आहेत, असे कारण तेथे सांगितले आहे. (मराठी बायबलमधील 'अनुवाद' हे ग्रंथनाम भाषांतर या अर्थी नसून 'पुन्हा सांगणे' या मूळ अर्थी आहे, मोशे चाळीस वर्षांच्या प्रवासाची हकीकत नव्या पिढीला पुन्हा सांगतो, अशी या ग्रंथाची रचना आहे.)

कथाभाग

कादेश-बर्ण्या येथून जेरेद ओहोळ ओलांडेपर्यंत अडतीस वर्षे लोटली आणि पहिली पिढी रानातच संपली. त्या पिढीने देवाची आज्ञा नसताना डोंगराळ प्रदेशावर चढाई केली होती व तिचा पराभव झाला होता (अनुवाद १:४१–४५). पुढील अध्यायातील आज्ञा या पार्श्वभूमीवर येतात.

पहिली आज्ञा अदोमविषयी आहे. अदोमी लोक याकोबाचा भाऊ एसाव याचे वंशज मानले जातात. सेईर डोंगर त्यांना दिलेला असल्यामुळे तेथील पाऊल ठेवण्याइतकीही जमीन इस्राएलास मिळणार नाही, अन्न व पाणी पैसे देऊन विकत घ्यावे, असे सांगितले आहे (२:५–६). मवाब व अम्मोन हे अब्राहामाचा पुतण्या लोट याचे वंश. त्यांच्याबाबतही अशीच मनाई आहे (२:९, १९). तिन्ही ठिकाणी जमिनीसाठी 'येरुशा', म्हणजे वारसाहक्काने मिळालेले वतन, हा हिब्रू शब्द आला असून इस्राएलच्या स्वतःच्या भूमीसाठीही याच अध्यायात तो वापरला आहे (२:१२). शेजाऱ्याचा हक्क आणि स्वतःचा हक्क एकाच शब्दाने सांगितला जाणे, ही या उताऱ्यातील सर्वांत लक्षणीय गोष्ट होय.

याच अध्यायात मध्येच काही जुन्या नोंदी येतात. मवाबात पूर्वी एमी, सेईरात होरी व अम्मोनात जमजुम्मी राहत होते, आणि त्यांना हटवून सध्याचे लोक वसले, असे त्या सांगतात. गज्जापर्यंतच्या खेड्यांतील अव्वी लोकांचा कफ्तोरी लोकांनी नाश केल्याचाही उल्लेख आहे (२:२३).

आर्णोन नदीशी चित्र पालटते. तिच्या उत्तरेस अमोरी राजा सीहोन याचे राज्य होते, आणि त्याच्याशी युद्ध करण्याची आज्ञा मिळते. मवाबाबाबत 'कुरापत काढू नको' असे सांगताना आलेले क्रियापदच येथे 'कुरापत काढ' असे उलट अर्थाने येते (२:२४). तरीही मोशे आधी वाट मागतो व अन्नपाण्याची किंमत देऊ करतो. सीहोन नकार देऊन याहस येथे लढतो व हरतो. विजयानंतरही यब्बोक नदीच्या काठचा अम्मोनी प्रदेश टाळला गेला (२:३७).

अडचणीचे मुद्दे

सीहोनने आर्णोनपर्यंतचा मुलूख पूर्वीच्या मवाबी राजाकडून जिंकून घेतला होता, असे गणना २१:२६ सांगते. मग ती जमीन मवाबाची की अमोऱ्यांची? शास्ते ११ मध्ये हा प्रश्न प्रत्यक्ष वादाचे रूप घेतो. अम्मोनचा राजा आर्णोन ते यब्बोक हा प्रदेश परत मागतो. इफ्ताह उत्तर देतो की इस्राएलने मवाब वा अम्मोन यांची जमीन घेतलीच नाही, ती सीहोनकडून घेतली, आणि तीनशे वर्षांत कोणी ती मागितली नाही. बाबिलोनी तालमूदच्या गित्तीन प्रकरणातही हाच न्याय दिसतो: सीहोनच्या हाती गेल्यामुळे अम्मोन व मवाब यांची ती भूमी इस्राएलास मोकळी झाली. युक्तिवाद कायदेशीर खरा, पण मवाबास तो मान्य नव्हता. १८६८ मध्ये धिबान येथे सापडलेल्या व सध्या लूव्र संग्रहालयात असलेल्या मेशा शिलालेखात इ.स.पू. नवव्या शतकातील मवाबी राजा आर्णोनच्या उत्तरेकडील नगरे आपण घेतल्याचे सांगतो, आणि विजयाचे श्रेय आपल्या कमोश देवास देतो.

दुसरी अडचण ग्रंथांतर्गत आहे. अदोमने वाट नाकारून सैन्य आणल्याचे गणना २०:१४–२१ मध्ये आहे, तर मवाबाने अन्नपाणी घेऊन सामोरे न आल्याचा ठपका अनुवाद २३:३–४ मध्ये आहे. उलट २:२९ मध्ये दोघांनी सहकार्य केल्यासारखे वर्णन आहे. अकराव्या शतकातील भाष्यकार राशी यांनी २:२९ चा संबंध वाट देण्याशी नसून केवळ अन्नपाणी विकण्याशी लावला. आधुनिक अभ्यासक येथे भिन्न परंपरांचे मिश्रण पाहतात.

राशींनी आणखी एक सूक्ष्म भेद टिपला आहे. मवाबाबाबत 'युद्ध' हा शब्द आहे, म्हणून युद्धच निषिद्ध, धाकदपटशा नव्हे. अम्मोनबाबत तो शब्द नाही, म्हणून कुरापतही निषिद्ध.

पुढील काळ

दावीदाने मवाब व अदोम यांना मांडलिक केल्याचे २ शमुवेल ८ मध्ये आहे; ही मनाई तेव्हा कशी समजली गेली, याचा तेथे उल्लेख नाही. मात्र २ इतिहास २०:१०–११ मध्ये यहूदाचा राजा यहोशाफाट प्रार्थनेत तिचे स्मरण करून देतो: मिसरातून येताना ज्यांच्या देशात शिरू दिले नाहीस व ज्यांचा आम्ही नाश केला नाही, तेच अम्मोनी, मवाबी व सेईरकर आता आम्हांला आमच्या वतनातून घालवण्यास आले आहेत.