थेट प्रक्षेपणाचा धडा
२६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईत शिरलेल्या दहा अतिरेक्यांशी त्यांचे सूत्रधार पाकिस्तानातून इंटरनेटद्वारे फोनवर बोलत होते. दूरचित्रवाणीवरील थेट प्रक्षेपण पाहून ते सुरक्षा दलांच्या हालचाली कळवत होते. हेच संभाषण आपल्या यंत्रणांनी टिपले आणि पुढे खटल्यात ते पुरावा ठरले. तंत्रज्ञान एकच, उपयोग दोन.

२०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांच्या त्या प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले. २०१५ मध्ये नियम झाला : कारवाई संपेपर्यंत थेट प्रक्षेपण नाही, नेमलेला अधिकारी वेळोवेळी देईल तेवढीच माहिती दाखवायची. पण आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. तेव्हा मित्रहो, अशा वेळी काही दिसले तर पोलिसांना जरूर कळवा. चित्रण मात्र पुढे पाठवू नका.