टाकीतला शेजार

नाशिकमधल्या कुठल्याही शोभिवंत माशांच्या दुकानात रविवारी संध्याकाळी थोडा वेळ उभे राहावे. गिऱ्हाईक काचेवर बोट टेकवत पुढे सरकते : ‘‘याची एक जोडी, त्याची एक जोडी, आणि ते निळे चमकणारे पण द्या.’’ जाणता दुकानदार जाळीला हात लावण्याआधी तीन गोष्टी विचारून घेतो. टाकी केवढी आहे? पाणी नळाचे की बोअरचे? हीटर आहे का? माशांच्या रंगाबद्दल तो काहीच विचारत नाही, आणि गिऱ्हाईक मात्र सगळी निवड रंगावर करून आलेले असते. वेगवेगळ्या जातींचे मासे एकत्र नांदवायच्या टाकीला दुकानात सरळ ‘कम्युनिटी टँक’ म्हणतात. ती टिकणार की महिन्याभरात ओस पडणार, हे बहुतेक वेळा या तीन उत्तरांवरच ठरते.

गंगापूर रोडवरच्या अशाच एका दुकानात आई आणि तिचा शाळकरी मुलगा आले. टाकी नवी, दोन फुटी. म्हणजे 24 इंच लांब, 12 इंच रुंद, 12 इंच उंच. हिशेबाने साडेछप्पन लिटर. पण तळाचे खडे, दगड आणि वर सोडलेली मोकळी जागा वजा केली तर प्रत्यक्षात 45 ते 50 लिटर पाणी. मुलाची यादी तयार होती : गोल्डफिश, एंजल, निऑन टेट्रा, टायगर बार्ब आणि ‘टाकी साफ करणारा’ सकर. दुकानदाराने यादी ऐकून घेतली आणि म्हणाला, ‘‘ताई, देतो म्हटलं तर आत्ता सगळं देईन. पण पुढच्या रविवारी तुम्ही परत याल, आणि दादा रडत येईल.’’

त्याने पहिली फुली गोल्डफिशवर मारली. गोल्डफिश हा चीनमध्ये हजारएक वर्षांपूर्वीपासून जोपासलेला, कार्प कुळातला मासा. त्याला गारवा मानवतो. 18 ते 22 अंशांत तो मजेत असतो. एंजल आणि निऑन दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन खोऱ्यातले, त्यांना 24 ते 27 अंशांचे उबदार पाणी लागते. एकाच टाकीत दोघांनाही बरे वाटेल असे तापमान राखणे कठीण. शिवाय गोल्डफिशला जठर नसते. तो दिवसभर खात राहतो आणि तेवढीच घाण करतो. छोट्या टाकीतले दोन गोल्डफिश इतका अमोनिया सोडतात, की शेजारचे नाजूक मासे त्यातच गुदमरतात. गोल्डफिश वेगळ्या टाकीत, आपल्याच जातभाईंबरोबर ठेवावा. यात तडजोडीला जागा नाही.

एंजल आणि निऑनची जोडगोळी तर हमखास फसवते. दुकानात एंजल रुपयाच्या नाण्याएवढा असतो, निऑन त्याच्या आजूबाजूने बिनधास्त फिरतात. सहा-आठ महिन्यांत तोच एंजल तळहाताएवढा होतो आणि निऑन जेमतेम दीड इंचावर थांबलेला असतो. मग रोज सकाळी एक निऑन कमी दिसतो. टाकीत भांडण झालेले कुणी पाहिलेले नसते, कारण भांडण होतच नाही; लांबट, अंगाने बारीक मासा एंजलच्या तोंडात सहज मावतो, एवढेच. माशांच्या दुनियेत जे तोंडात मावते ते अन्न. म्हणून निवड करताना आजचा आकार पाहून उपयोग नाही, पूर्ण वाढ झाल्यावर कोण केवढा होईल ते पाहायचे. एंजलला तर उंचीही लागते. पर धरून तो लांबीपेक्षा उंचच भरतो. 12 इंच उंचीच्या टाकीत त्याचे पर वाकतात. त्याची जोडी जमून अंडी घातली, की अर्धी टाकी तो स्वतःच्या मालकीची करून टाकतो.

टायगर बार्बसाठी दुकानदाराने मायलेकरांना मागच्या रांगेतल्या एका टाकीजवळ नेले. त्यात आठ-दहा बार्ब होते आणि कुणीतरी परत आणून दिलेला एक पर्ल गुरामी. गुरामीच्या पोटाखाली दोन लांब, केसासारखे तंतू असतात. त्यांनी तो चाचपत, चव घेत हळूहळू पुढे सरकतो. हा फिल्टरच्या पाइपमागे कोपऱ्यात, शेपटी काचेला लावून उभा होता. एक बार्ब मधल्या पाण्यातून तिरका आला, तंतूला तोंड लावून गर्रकन वळला आणि आपल्या घोळक्यात मिसळला. लगेच दुसरा. गुरामी जागा बदलायला बाहेर आला, तशी तिघांनी त्याच्या शेपटीकडे धाव घेतली. एक तंतू आधीच अर्धा तुटलेला होता, शेपटीच्या कडेला पांढुरके तुकडे लोंबत होते. ‘‘बघितलंस?’’ दुकानदार मुलाला म्हणाला, ‘‘हा मासा वाईट नाही, त्याला घाईची सवय आहे. त्याच्यासारखेच पळणारे त्याच्याबरोबर ठेवायचे.’’ बोलता बोलता त्याने गुरामीला जाळीत घेऊन वेगळ्या टाकीत सोडले. सुमात्रा-बोर्निओकडचा हा बार्ब आठ-दहांच्या घोळक्यात असला, की बराचसा जोर आपसातल्या पाठलागात खर्च करतो. दोन-तीनच ठेवले तर तोच जोर शेजाऱ्यांवर निघतो. एंजल, गुरामी, फायटर, लांब शेपटीचा गप्पी, अशा संथ आणि झुलत्या परांच्या माशांबरोबर तो कधीच नको.

इथे आपल्या बाजाराची एक रीत आड येते. आपल्याकडे मासे जोडीच्या भावाने विकले जातात, म्हणून गिऱ्हाईकही सवयीने जोड्या मागते. गप्पी, मॉली, प्लॅटीच्या बाबतीत निदान नर-मादी ओळखता येतात. तिथेही एका नरामागे दोन-तीन माद्या असाव्यात, नाहीतर नर मादीला पाठलाग करून दमवतात. पण निऑन, डॅनिओ, कोरी, बार्ब हे थव्याने राहणारे मासे. सहाच्या खाली ते घाबरलेले राहतात, रंग फिका पडतो, खाणे कमी होते. पाच जातींच्या पाच जोड्या म्हणजे दहा एकाकी मासे. तेवढ्याच पैशांत दोन जातींचे दोन थवे घेतले, तर टाकी भरलेली दिसते आणि मासे मोकळे वागतात.

यादीत शेवटी सकर होता. दोन इंचांचा सकर काचेला चिकटून शेवाळ खातो, म्हणून तो सर्रास खपतो. पण तो वाढून दीड फुटापर्यंत जातो, आणि त्याची स्वतःची विष्ठाच छोट्या टाकीला जड होते. ‘शार्क’ नावाने मिळणाऱ्या रुपेरी पिल्लांचीही तीच गत. त्यातली बरीचशी पंगस जातीची असतात. हाच मासा धरणांतल्या पिंजऱ्यांत खाण्यासाठी वाढवला जातो आणि पूर्ण वाढला तर मीटरभर लांब होऊ शकतो. शोभेच्या दुकानात तो बोटभर असतो तेवढाच काय तो दोन फुटी टाकीत बसतो.

नाशिकमध्ये मासे निवडताना मुंबईचा सल्ला जसाच्या तसा चालत नाही. मुंबईत बरेच लोक हीटरशिवाय उष्ण प्रदेशातले मासे वर्षभर ठेवतात. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर. डिसेंबर-जानेवारीत शहराचा पारा 10 अंशांखाली जाणे नेहमीचे, आणि शेजारच्या निफाडला थंडीच्या लाटेत तो 5 अंशांच्याही खाली उतरतो. अशा रात्री घरातल्या टाकीचे पाणी 20 अंशांखाली गेले की उबदार पाण्यातले मासे तळाशी बसतात आणि दोन-चार दिवसांत अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसू लागतात. निऑन किंवा एंजल हवा असेल तर लिटरमागे साधारण एक वॉट या हिशेबाचा हीटर हवाच. हीटर नको असेल तर मासा बदलावा. झेब्रा डॅनिओ आणि रोझी बार्ब हे भारतीय उपखंडातल्या ओढ्या-नद्यांतले मासे गारवा चांगला सोसतात. आपल्याच मातीतले हे काटक मासे स्वस्त असल्यामुळे दुकानात मागे पडतात, याचे वाईट वाटते. कृष्णेच्या खोऱ्यात, कोल्हापूरकडच्या नद्यांत मिळणारा पट्टेरी झेब्रा लोच तर जगात फक्त पश्चिम घाटातच आढळतो. स्वभावाने गरीब, गोगलगायी वेचून खाणारा, कळपात राहणारा. पण तो आता धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे, म्हणून नदीतून पकडून आणलेला लोच घेऊ नये.

पाण्याचेही तसेच. गंगापूर धरणाचे महापालिकेचे पाणी क्लोरिनयुक्त असते; ते ॲण्टिक्लोरीन घालूनच वापरावे. नव्या वसाहतींत बोअरचे पाणी येते, ते बहुधा जड. नळाच्या तोंडाशी पांढरा थर धरत असेल तर वेगळी चाचणी न करताही ते कळते. अशा पाण्यात मॉली, गप्पी, प्लॅटी, स्वोर्डटेल खुशाल वाढतात, कारण त्यांना जड, किंचित अल्कधर्मी पाणीच मानवते. निऑनला मऊ पाणी लागते. पाणी बदलत बसण्यापेक्षा पाण्याजोगा मासा घेणे केव्हाही सोपे.

‘‘मग आज काय नेऊ?’’ आईने विचारले.

‘‘आज काहीच नाही, ताई. टाकी आधी चालू करा.’’

नव्या टाकीत माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट. पहिले दोन विषारी, तिसरे बरेच सौम्य, आणि ते दर आठवड्याला पंचवीस टक्के पाणी बदलून आटोक्यात राहते. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर वस्ती करायला चार ते सहा आठवडे घेतात. त्याआधी टाकी भरून टाकली तर कितीही जुळणारे मासे निवडा, मरतातच. दुकानदाराने स्वतःच्या चालू टाकीतला वापरलेला स्पंज पिशवीत घालून दिला. त्याने ही मुदत बरीच कमी होते. तो स्पंज नळाखाली धुवायचा नाही, क्लोरीनने जिवाणू मरतात. टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळायचा, हेही त्याने दोनदा बजावले.

काही आठवड्यांनी मायलेक परत आले, तेव्हा निवड झाली ती अशी. नळाचे पाणी, हीटर घ्यायचा ठरलेला. वरच्या थरासाठी सहा झेब्रा डॅनिओ, तळासाठी सहा कोरी. मधला थर तूर्त रिकामा; महिनाभर सगळे नीट राहिले तर एक ड्वार्फ गुरामी. वर, मध्ये आणि खाली राहणारे मासे वेगवेगळे घेतले की तेवढ्याच पाण्यात गर्दी जाणवत नाही. कोरीच्या मिशा नाजूक असतात, म्हणून तळाला धारदार खड्यांऐवजी बारीक गुळगुळीत वाळू. आधी डॅनिओ न्यायचे, पंधरा दिवसांनी कोरी. मुलाला निऑन हवेच होते. ते दुसऱ्या, मुरलेल्या टाकीत, असे ठरले.

घरी पिशवी वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवायची, मग टाकीतले पाणी थोडे थोडे पिशवीत घालायचे आणि शेवटी मासे जाळीने उचलून सोडायचे. पिशवीतले पाणी टाकीत ओतायचे नाही. दुकानातला रोग त्यातूनच येतो.

एवढे करूनही एखादा मासा जुळत नाही, एखादा फार वाढतो. तेव्हा लोक काय करतात, हे उजनी धरणातले मच्छीमार सांगतील. घरातल्या टाक्यांतून बाहेर पडलेला सकर तिथे इतका माजला आहे, की जाळ्यात खाण्याच्या माशांऐवजी तोच येतो आणि त्याच्या काटेरी अंगाने जाळी फाटतात. गोदावरीत ही वेळ येऊ द्यायची नसेल, तर नको झालेला मासा रामकुंडावर, धरणात किंवा जवळच्या नाल्यात कधीही सोडू नका. तो ज्या दुकानातून आणला तिथेच परत द्या. बहुतेक दुकानदार पैसे देत नाहीत, पण मासा ठेवून घेतात.