नाण्यावरचे गाव

जुने सोन्याचे नाणे हे इतिहासाचे एक लहानसे पान असते. नाणी जेथे पाडतात, त्या जागेला टांकसाळ म्हणतात.

नांदेड-लातूरचा मुलूख एकेकाळी देवगिरीच्या यादवांच्या राज्यात होता. यादवांच्या सोन्याच्या नाण्याला ‘पद्मटंक’ म्हणतात. त्याच्या मध्यभागी कमळ असते. पुढे अल्लाउद्दीन खलजीच्या सोन्याच्या टंक्यावर ‘किला देवगीर’ हे नाव आले. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानी तेथे नेली आणि नाण्यांवर ‘दौलताबाद’ दिसू लागले. औरंगजेबाच्या काही मोहरांवर ‘खुजिस्ता बुनियाद’ असे आहे. ते औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे नाव.

विद्यार्थ्यांनो, मोगल नाण्यावर ‘जर्ब’ हा शब्द शोधा. जर्ब म्हणजे ठोका. त्याच्याजवळच टांकसाळीच्या गावाचे नाव असते. उर्दू शिकल्यामुळे ही अक्षरे तुम्हांला ओळखता येतील.

शेतात असे नाणे सापडले तर ते सोनाराकडे नेऊ नका. ते वितळले की राजा, गाव आणि साल कायमचे पुसले जाते. १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेल्या अशा ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते.